शेवटच्या गाडीपर्यंतचं कोल्हापूर

या खेपेला पत्रं भरपूर आलीत आणि निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवरची आहेत. झालंय असं की गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले, "कोल्हापूर बघितलं की जिल्हा बघितला." लिहिताना हात सैल सुटला तो सुटला, पण त्या एका वाक्यावरनं चंदगडपासून शिरोळपर्यंत सगळ्यांनी मला धरलंय. बरं झालं एका अर्थी. नाहीतर दर महिन्याला मसाल्याचं प्रमाण आणि सूनबाईंच्या तक्रारी यातच सदर संपतं. तर यावेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून एवढंच घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चंदगड तालुक्यातला, सध्या पुण्यात हिंजवडीला जॉबला. ऑफिसात जिल्हा कोल्हापूर सांगितलं की लगेच 'काय भावा, नाद खुळा, तांबडा-पांढरा कधी खायला घालतोस' सुरू होतं. आमच्या घरी तांबडा-पांढरा झालेला मला आठवत नाही. आमच्याकडं भात, मासे, उन्हाळ्यात काजू आणि पावसाच्या अगोदर सरपण भरायची घाई. दवाखाना बेळगावला, लग्नाचा बस्ता बेळगावला. कोल्हापूर शहर मी पहिल्यांदा नीट बघितलं ते बारावीनंतर, कागदपत्रांसाठी. आणि तुम्ही लिहिताय कोल्हापूर बघितलं की जिल्हा बघितला. मग आम्ही कोण? मोठं शहर खरंच भोवतालच्या मुलखासारखं असतं का? उत्तर पटलं तर काजू पाठवतो.

उत्तर : चुकलं माझं, पहिल्यांदा ते कबूल करते, काजूसाठी नव्हे.

तुझा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो कोल्हापूरला जोडला गेला, म्हणजे कागदावर तुम्ही कोल्हापूरचे झालात पण पायाखालचा रस्ता होता तोच राहिला, आणि माणूस रस्त्यानं चालतो, कागदावरनं नाही. आता तूच बघ, चंदगड-गडहिंग्लजकडची कितीतरी एसटी कोल्हापूरला येते ती संकेश्वर-निपाणीवरनं, म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याच्या गावाला जायला दुसऱ्या राज्यातनं जायचं. सीमाभागात काही खट्ट झालं की गाड्या बंद, आणि कलेक्टर कचेरीत तारीख असलेला माणूस स्टँडवर बसून. असल्या माणसाला 'तू कोल्हापूरकर ना' म्हणून विचारलं तर तो हो म्हणतो, पण म्हणताना जरा थांबतो. ते थांबणं मी बघितलेलं आहे.

मग शहर भोवतालच्या मुलखासारखं असतं का? मला विचारशील तर असतं, पण शेवटच्या गाडीपर्यंतच. म्हणजे काय ते सांगते.

माझं माहेर भोगावतीच्या काठचं, राधानगरी रस्त्याला. आमच्यात कोल्हापूरला जाणं म्हणजे 'जाणं' नव्हतंच, 'जरा जाऊन येणं' होतं. वडील पहाटे दुधाचा कॅन सायकलला बांधून निघायचे, आई भाजीचं गाठोडं घेऊन सातच्या गाडीला, दुपारी चारला परत, येताना रिकाम्या पिशवीत कधी जिलेबी कधी नुसतीच वर्तमानपत्राची रद्दी. शहरात राहायला म्हणून कुणी गेलं नाही पण शहरात नसलेला एक दिवस गेला नाही. अशी करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरीच्या खालच्या अंगाची शेकडो गावं आहेत जिथनं मुक्काम न करता जाऊन येता येतं. शहराला दूध त्यांचं, कोथिंबीर त्यांची, तालमीतला पोरगा त्यांचा, कोर्टातला बांधाचा खटला त्यांचाच. मग त्या शहरानं त्यांच्यासारखं नाही व्हायचं तर कुणासारखं? आणि जिथं शेवटची गाडी चुकली की मुक्काम पडतो, तो मुलूख शहरात दिसत नाही. तो येतो, काम करतो, कुणाकडं तरी पथारी टाकतो आणि गुपचूप परत जातो. त्याचं काही उरत नाही इथं.

भाषाच घे. 'काय करायलाईस', 'जेवायलाय', 'यायलोय की' हे जे कोल्हापूरचं म्हणून सगळीकडं नक्कल करतात ते शहरानं काढलेलं नाही, ते आमच्या वाडीवस्तीवरचंच आहे. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. मी या सदरात 'लिहून गेले' असं छापते ते संपादकांच्या धाकानं, घरी मी 'गेलो'च म्हणते आणि मुंबईच्या जावा अजून हसतात. शहरातली पेठेतली म्हातारी आणि आमच्या गावची म्हातारी शेजारी बसवल्या तर डोळे मिटून कोण कुठली ते सांगता येणार नाही. पण त्याच शेजारी आजऱ्याची, गडहिंग्लजची आणि शिरोळची बसव. आजऱ्याच्या बोलण्याला घाटाखालचा हेल येतो, गडहिंग्लजच्या घरात कितीतरी ठिकाणी मराठी उंबऱ्याबाहेर आणि कन्नड चुलीपाशी, आणि तुमची चंदगडी तर आमच्यातल्या कंडक्टरला दोनदा विचारावी लागते.

आता आकडा एकच सांगते. २०११ च्या जनगणनेत जिल्हा पावणेएकोणचाळीस लाखांचा आणि महापालिकेचं शहर साडेपाच लाखांचं. सातात एक. हे शहर बाकीच्या सहांचं तोंड म्हणून टीव्हीवर, रीलमध्ये आणि तुझ्या ऑफिसात फिरतंय.

आणि ते तोंड तरी खरं आहे का ते पण बघू. तांबडा-पांढरा घे. आमच्यात मटण व्हायचं ते म्हाईला म्हणजे गावदेवीच्या सणाला, जत्रेला आणि पाव्हणा आला तर. बाकी वर्षभर भाकरी, आमटी, खर्डा, आणि ज्वारीच्या दिवसात आंबील. पण पर्यटक रोज येतो म्हणून शहरात म्हाई रोज असते, ताट तयार, पिवळा दिवा, दारात टेबल मिळायला नंबर. एखाद्या घरात वर्षातनं चारदा होणारी गोष्ट रोज दिसायला लागली की लांबच्या माणसाला वाटतं हे लोक रोज हेच करतात. त्यात शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरं इतकी, नांदणीचा जैन मठ सगळ्या पट्ट्याचा, तिथल्या कितीतरी घरांच्या उंबऱ्याच्या आत मटणाचा वासही जात नाही. तीही कोल्हापूर जिल्ह्याचीच. पुण्यात त्यांनाही 'तांबडा-पांढरा कधी' असंच विचारतात, तू एकटा नाहीस.

चप्पल तर आणखी मजेशीर. नाव कोल्हापुरी, दुकानं शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत, पण चप्पल शिवणारे हात बघायला गेलास तर गावोगाव पसरलेले. कापशी म्हणून जो प्रकार आहे तो कागल तालुक्यातल्या कापशी गावच्या नावाचा. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणी, निपाणीकडं घराघरात चामडं कमावणं, कापणं, वेणी घालणं चालतं. म्हणजे एका शहराच्या नावाखाली आठ जिल्ह्यांचा घाम. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या ब्रँडच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली तेव्हा इथं केवढा गदारोळ, आमचं नाव घेतलं नाही म्हणून. रास्तच आहे. पण शहरानं तरी अथणीचं नाव कधी घेतलं? दुकानदाराला विचारून बघ ही जोडी कुठं शिवली, तो म्हणणार "कोल्हापुरातच की मावशी." एकदा मी उलटी करून तळाला बघितली, आत पेनानं कन्नडमध्ये काहीतरी आकडा लिहिलेला होता. घेतली तरी मी. चांगली होती.

पण सगळंच खोटं म्हणू नको. शहरात एक जागा आहे जिथं मला जिल्हा नीट दिसतो आणि ती हॉटेलात नाही. दसरा चौकात उभा राहा आणि नुसत्या पाट्या वाच. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचा मठ. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि मग एकेका समाजाचं वसतिगृह उभं करत गेले, कारण खेड्यातला पोरगा शिकायला आला तर झोपणार कुठं, जेवणार कुठं, हा प्रश्न त्यांना दिसला. त्यांनी हिशोब बरोबर ओळखला होता, मुक्कामाची सोय नसेल तर लांबचा मुलूख शहरात येतच नाही. पुढं त्या पोरांतनं वकील झाले, मास्तर झाले, कुणी परत गेलं कुणी राहिलं. राहिले त्यांच्यामुळं शहर थोडं आजऱ्यासारखं, थोडं शिरोळसारखं झालं. पंचेचाळीस पन्नास किलोमीटरच्या पलीकडचं जे काही शहरात उतरलंय ते बरंचसं या बोर्डिंगांच्या जिन्यावरनं.

तेव्हा तू ऑफिसात काय सांगायचं? जिल्हा कोल्हापूर, बाजार बेळगाव. एवढंच सांग. समजणाऱ्याला समजेल, नाही त्याला काजू दे.

प्रश्न : मॅडम, मी शिवाजी पेठेतला, जन्म इथला, सत्तरी ओलांडली. तुम्ही सारखं खेड्यांचं कौतुक करता. शहरानं मुलखासारखं असायलाच पाहिजे हा हट्ट कशाला? आमच्या पेठेचं स्वतःचं काही नाही का? फुटबॉल कुठल्या खेड्यानं दिला आम्हाला?

उत्तर : काका, फुटबॉलवर तुम्ही मला गारद केलंत. खरंच आहे, फुटबॉल ही पूर्ण पेठांची गोष्ट. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, ही नावं आमच्या गावात कुणाला विचारलीत तर तालीम आहे का भजनी मंडळ असं वाटेल. शाहू स्टेडियमवर मॅच असली की त्या दिवशी घरात जेवणाची वेळ मॅचवर, आणि वर्ल्डकपला गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे, जसं काय भाऊबंदकीच आहे. गडहिंग्लज सोडलं तर जिल्ह्यात दुसरीकडं एवढं वेड मला माहीत नाही. ज्वारीच्या रानात हे उगवत नाही. गल्लीत दहा पोरं रिकामी, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आणि शेजारच्या पेठेशी जुनी खुन्नस, एवढं असलं की उगवतं. हे शहराचं स्वतःचं.

सिनेमा पण तुमचाच. बाबूराव पेंटर, त्यांची कंपनी, १९२९ ला इथंच सुरू झालेली प्रभात, मग ती १९३३ ला पुण्याला गेली. हा सुतारकाम, रंगकाम, यंत्रं जोडून बघायचा नाद शहरी कारागिराचा आहे, हे मी मान्य करते. तोच नाद पुढं उद्यमनगरात दिसतो, एवढ्याशा शेडमध्ये लेथ टाकून इंजिनाचे पार्ट करणारी माणसं. पण काका, त्याच बाबूरावांनी १९२५ साली सिनेमा काढला तो कुणावर? सावकाराच्या तावडीत सापडून जमीन गमावलेल्या आणि शहरात मजुरीला आलेल्या शेतकऱ्यावर. पेठेत बसून त्यांना तोच विषय सुचला, कारण तो माणूस रोज समोरनं जात होता.

आणि कुस्तीचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, हुशारीनं टाळलंय असं मला वाटतं. खासबाग मैदान १९१२ चं, शहराच्या पोटात, पण आत उतरणारा पैलवान बघा कुठला. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी तालमीत पहाटे जाऊन कुणालाही गाव विचारा, पेठेचं नाव क्वचित येईल. बापानं म्हैस विकून पोरगं तालमीत ठेवलेलं असतं, आणि त्या पोराच्या खुराकाला बदाम-तूप गावाकडनं एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती येतं. माती शहराची, माणूस बाहेरचा. निम्मं तुमचं निम्मं आमचं म्हणूया.

अजून एक. तुम्ही संध्याकाळी गंगावेशीत दुधाला जाता का? जात असणार. म्हैस रस्त्याकडेला उभी, गवळी खाली बसलेला, ग्लासात थेट धार, वर तीन बोटं फेस, आणि गिऱ्हाईक मोटरसायकलवर एक पाय टेकवून उभ्या उभ्या पिऊन मिशी पुसून निघून जाणार. साडेपाच लाख वस्तीच्या शहराच्या मध्यात हे चाललंय. याला शहराचं स्वतःचं म्हणायचं का मुलखाचं, मला नाही ठरवता येत. तुम्हीच कळवा.

प्रश्न : ताई, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातनं लिहितेय. महापूर आला की बातम्यांत कोल्हापूर कोल्हापूर. शहरात पाणी आलं की कॅमेरे येतात. आमच्या घरात जास्त दिवस पाणी असतं. शहराला आमचं काही वाटतं तरी का?

उत्तर : बाई, तुझं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहू शकले नाही. माझी थोरली बहीण तुमच्याच पट्ट्यात दिलेली आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला तिचं घर पाण्यात होतं. पहिल्या खेपेला जनावरं सोडवायला वेळ मिळाला, भांडी राहिली. पाणी उतरल्यावर मी गेले तर ती भिंतीवरची पाण्याची रेघ ओल्या फडक्यानं पुसत होती आणि रेघ जात नव्हती. "राहू दे की आता," म्हटलं तर म्हणाली, "पाव्हणं येत्यात."

शहराला वाटतं का? वाटतं, पण आकड्यात वाटतं. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचार, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती, तो फूट आणि इंच सांगेल. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, पोराबाळांना पाठ आहे. गंमत अशी की शहरात ऊन पडलेलं असतं आणि पाणी वाढत असतं, कारण तो पाऊस शहराचा नसतोच. तो गगनबावड्यात, राधानगरीत, दाजीपूरच्या रानात पडलेला असतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एक होतात आणि मग पंचगंगा म्हणून शहराच्या दारात येतात. राधानगरीचे सातातले किती स्वयंचलित दरवाजे उघडले ही बातमी शहरात क्रिकेटच्या स्कोअरसारखी फिरते. म्हणजे वरच्या अंगाचा मुलूख शहराला नीट माहीत आहे, कारण तो अंगावर येतो.

खालचा माहीत नाही. शहरातनं पाणी गेलं की शहराच्या दृष्टीनं पूर संपला. ते पाणी कुठं गेलं? तुमच्याकडं. पुढं कृष्णा फुगलेली, नृसिंहवाडीला पंचगंगेला आत शिरू देत नाही, पाणी मागं तटतं आणि तुमच्या उसात, घरात, शाळेत थांबतं. शहरात झाडू मारून दुकानं उघडलेली असतात तेव्हा तुम्ही अजून जयसिंगपूरच्या कुठल्यातरी हॉलमध्ये जनावरांच्या वैरणीची वाट बघत असता. नदी जशी वाहते तसंच शहराचं बघणं आहे, वरचं येताना दिसतं, खालचं पाठीमागं जातं.

२०१९ ला शिरोलीपाशी हायवे बंद झाला तेव्हा मात्र शहराला जरा कळलं. दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांगा. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ हातात पिशवी घेऊन तीन दुकानं फिरून आले आणि म्हणाले, "अहो, सगळं बाहेरनंच येतंय की आपलं." चाळीस वर्षं शहरात राहतात ते.

तुमच्या लोकांना दवाखान्याला मिरज जवळ, बाजाराला सांगली जवळ. मग शहराशी तुमचा संबंध राहतो तो पंचनाम्याच्या यादीचा आणि अनुदानाच्या अर्जाचा. त्यात माया कुठनं येणार. बहिणीच्या घरचा अर्ज एका कार्यालयात दोनदा 'सापडत नाही' म्हणून परत भरून घेतला, तुझ्याकडंही तसं झालं असेल तर पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नको आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, एवढंच हाताशी असलेलं सांगते.

प्रश्न : आम्ही इचलकरंजीकर. आम्हाला कोल्हापूरचं उपनगर समजतात. मत द्या.

उत्तर : समजणारे चुकतात. तुमचं गाव मागावर उभं आहे, कोल्हापूर बाजारावर. रात्री अकराला कोल्हापूर झोपतं आणि तुमच्याकडं पाळी बदलते, खटखट चालूच. २०२२ ला तुमची महापालिका पण झाली, आता उपनगर म्हणणाऱ्याला तेवढं दाखवा. बाकी पाण्यावरनं तुमचं आणि कागलकडच्या गावांचं जे चाललंय त्यात मला ओढू नका, दोन्हीकडं माझे पाव्हणे आहेत.

प्रश्न : आमचं गाव शहराला चिकटून. मधे फक्त एक ओढा. हद्दवाढ नको म्हणून आम्ही मोर्चे काढले. मुलगा म्हणतो आपण शहरातच राहतो, मी म्हणतो गावात. कोण बरोबर?

उत्तर : दोघं. मुलगा केएमटीनं, म्हणजे शहराच्या बसनं कॉलेजला जातो, त्याची मित्रकंपनी रंकाळ्यावर, क्लास राजारामपुरीत, त्याच्या दृष्टीनं ओढा म्हणजे नुसता खड्डा आहे. तुमच्या दृष्टीनं ओढ्याच्या अलीकडं ग्रामपंचायत आहे जिथं सरपंचाला नावानं हाक मारून भांडता येतं, आणि पलीकडं घरफाळा आहे.

१९७२ साली महापालिका झाली, त्यानंतर हद्द वाढवायचे प्रस्ताव किती आले आणि किती बासनात गेले त्याची गणती नाही. २०१७ ला मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांचं प्राधिकरण काढलं. मग त्यावरही भांडण, बांधकाम परवानगीसाठी कुठं जायचं यावरनं. शहरातल्या लोकांचं म्हणणं, आमच्या रस्त्यावरनं जाता, आमच्या दवाखान्यात येता, मग कर का देत नाही. गावांचं म्हणणं, आधी जे घेतलंय त्या उपनगरांना तरी नीट पाणी द्या. मला दोन्ही बाजू पटतात म्हणून घरात माझं कुणी ऐकत नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. जे गाव शहराशी सगळ्यात जास्त मिळतंजुळतं तेच गाव शहर व्हायला सगळ्यात जास्त नको म्हणतं. चंदगडला कुणी विचारलंच नाही त्यामुळं त्याचा विरोधही नाही. तुम्ही रोज ओढा ओलांडता, शहर जवळनं बघता, गटारी कधी उपसतात ते तुम्हाला माहीत आहे. नको म्हणायला माहिती लागते.

मुलाला एवढंच सांगा, लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता काय छापायचा ते त्याच्या आजीला विचारून छाप.

प्रश्न : मी मुंबईची. दोन दिवस येतेय. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा झालेलं आहे. खरं कोल्हापूर कुठं बघायला मिळेल?

उत्तर : 'खरं' हा शब्द काढून टाका, वर एवढी भांडणं झालीत त्यावरनं. पण दोन दिवस असतील तर सांगते.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर रंकाळा स्टँडवर जा, गगनबावड्याच्या एसटीत बसा, खिडकीकडं. दिवाळीच्या पुढं आलात तर वाटेत गुऱ्हाळं चालू असतील, धूर दिसला की उतरा. कुणी हाकलत नाही. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाडं ढकलणारा एक, वर गुळव्या नुसता रंग बघत उभा, त्याच्याशी त्यावेळी बोलू नका, कारण रस कधी उतरवायचा ते त्या मिनिटावर ठरतं आणि चुकलं तर गुळाचा सगळा रवा, म्हणजे ढेप गेली. उतरवल्यावर मग तोच तुम्हाला पळसाच्या पानावर गरम गूळ देईल. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली आणि तिथल्या पेठेतनं हा गूळ देशभर गेला, २०१४ ला मानांकन पण मिळालं, पण गूळ शिजतो तो इथं, या धुरात.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला जा, शिरोळकडं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघा, स्वर्गमंडपाला वर छत नाही, गोल आभाळ दिसतं, त्याखाली पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. येताना नृसिंहवाडीची बासुंदी. तिथल्या बसमध्ये शेजारची बाई कन्नडमध्ये काहीतरी विचारेल, घाबरू नका, ती पिशवी मांडीवर घ्या म्हणत असते.

तिसरा दिवस मिळाला तर चंदगड, पण मुक्कामाच्या तयारीनं या.

आणि हो, पहिल्या पत्रातल्या भावासाठी : काजू पाठवलास तर सालासकट पाठव, भाजून मी घेते. पार्सल एसटीनं टाक, पण टाकायच्या आधी निपाणीत सगळं शांत आहे का ते विचारून टाक.